डीएल आणि एल

मी पणदऱ्याची. आमचा ऊस माळेगावच्या कारखान्याला जातो. बारामतीला एम.एस्सी. करून पुण्यातल्या एका लॅबमध्ये पीएच.डी.ला लागले. पहिल्याच वर्षी एका बाटलीपायी माझे तीन आठवडे गेले. नव्याने लागणाऱ्यांचे जाऊ नयेत म्हणून लिहिते.

हात बसावा म्हणून गाईडनी एक जुनी रिॲक्शन दिली. २००० साली लिस्ट, लर्नर आणि बार्बास यांनी छापलेली. ॲसिटोन आणि पॅरा-नायट्रोबेंझाल्डिहाइड डीएमएसओमध्ये घ्यायचं आणि त्यात ३० मोल टक्के एल-प्रोलिन टाकायचं. प्रोलिन म्हणजे आपल्या प्रथिनांतलं साधं अमिनो आम्ल. ते आधी ॲसिटोनला धरतं, मग अल्डिहाइडला ठरावीक बाजूनंच जवळ येऊ देतं. त्यामुळे डाव्या-उजव्या हातांसारख्या दोन रूपांपैकी एक जास्त तयार होतं. याच वाटेच्या कामासाठी लिस्ट आणि मॅकमिलन यांना २०२१चं नोबेल मिळालं. २०००च्या त्या पेपरात ई-ई, म्हणजे एका रूपाची दुसऱ्यावरची आघाडी, ७६ टक्के होती. म्हणजे शंभरातले ८८ रेणू एका हाताचे, १२ दुसऱ्या.

माझा ई-ई शून्य आला. दोन्ही रूपं वेगळी करणाऱ्या कायरल कॉलमवर दोन पीक, अगदी सारखे. डीएमएसओ सुकवून घेतलं, ॲसिटोन नवं आणलं, तापमान उतरवलं. चार वेळा तेच. यील्ड चांगलं, टीएलसी स्वच्छ, म्हणून तर काहीच कळेना. गाईडनी विचारलं की "चालू आहे" एवढंच सांगायचे. खरं सांगायची भीती वाटायची.

दिवाळीला घरी आले. आमचे आप्पा, म्हणजे चुलते, कारखान्याच्या लॅबमधून निवृत्त झालेले. जन्मभर उसाच्या रसाचं ब्रिक्स, म्हणजे विरघळलेला घन भाग, आणि पोलरीमीटरवर पोल, म्हणजे साखर, काढलेला माणूस. त्यांना सगळं सांगितलं.

"मशिन तपासलं का? हंगामाआधी आम्ही चोख साखर लावून बघायचो. २६ ग्रॅम साखर, १०० मिली द्रावण, २०० मिलिमीटरची नळी. शंभर दाखवलं तरच पुढं. आन् तू जे टाकतीस, ते तरी चोख हाय का?"

"बाटलीवर लिहिलंय की."

"लिहिल्यालं नको सांगू. मोजलंस का?"

मोजलं नव्हतं.

पुण्याला परतल्यावर आधी आमच्या पोलरीमीटरला साखर लावली; द्रावण प्रकाशाला किती अंश वळवतं ते तो मोजतो. १०० मिलीत १० ग्रॅम, १० सेंटिमीटरची नळी. ६.६५ अंश यायला हवे, ६.६ आले. पोलरीमीटर ठीक होता. मग प्रोलिन, १०० मिलीत ५ ग्रॅम. उणे सव्वाचारच्या आसपास यायला हवं होतं. आलं ०.००. नळीत बुडबुडा असेल म्हणून रिकामी करून पुन्हा भरली. तेच.

बाटली खिडकीपाशी नेली. लेबलवर कसला तरी थेंब सांडून 'डी' पुसट झाला होता. ते डीएल-प्रोलिन होतं, दोन्ही हातांचं निम्मं-निम्मं, म्हणजे रेसिमिक, मिश्रण; एकाचं वळण दुसरं खोडतं, म्हणून शून्य. तुलनेसाठी लागणारा रेसिमिक नमुना करायला ते लॅबमध्ये मुद्दाम ठेवतात. एल-प्रोलिनची बाटली शेजारीच होती, तसलंच झाकण, तोच रंग. चार वेळा मी रेसिमिक नमुनाच करत बसले होते.

संध्याकाळी गाईडना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. वही मागितली आणि बाटलीचा लॉट नंबर कुठे आहे ते विचारलं. मी लिहिलाच नव्हता. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

एल-प्रोलिनच्या बाटलीने ई-ई ७४ आला. आता कुठलंही कायरल रसायन आधी पोलरीमीटरला लावते, मगच फ्लास्कमध्ये. रीडिंग आणि लॉट नंबर वहीत पहिल्या ओळीला. डीएलची बाटली खालच्या कप्प्यात, लाल टेप लावून.

आप्पांना फोन केला. त्यांनी ७४चा आकडा दोनदा विचारला, आणि साखरेचं रीडिंग किती आलं तेही.