रोज अकराला मरणारा स्विच

आमच्या हापिसातल्या चौथ्या मजल्यावरच्या ४८ पोर्टच्या स्विचनं दोन आठवडे नुसता वात आणला होता. सकाळी अकराच्या सुमारास सगळे जागेवर आले, कॉल सुरू झाले, की फट्! सगळे दिवे गेले, पंखे घूंऽऽ करून परत चालू. चार मिनिटांत सगळं सुरळीत. चार मिनिटं म्हणजे काहीच नाही हो, पण क्लायंटसमोर बोलता बोलता कट झालेल्या माणसाला विचारा.

लॉग बघावा तर तो रॅममध्ये, रीसेटबरोबर तोही साफ. मग एका जुन्या डेस्कटॉपवर सिसलॉग सर्व्हर उभा केला आणि वाट बघत बसलो. दुसऱ्या दिवशी अकरा दहाला स्विच गेला. शेवटच्या ओळींत काही म्हणजे काही नाही. क्रॅश नाही, वॉचडॉग नाही. रीसेटचं कारण एवढंच: पॉवर. त्याच यूपीएसवरचा राउटर मात्र ढिम्म.

पॉवर म्हटल्यावर मला आठवला आमचा कॉन्ट्रॅक्टवरचा टेक्निशियन. रॅकमधल्या वायरी महिन्यापूर्वी त्यानंच आवरल्या होत्या. मी मॅनेजरला मेल टाकली, 'केबलिंगमध्ये हलगर्जीपणा झालेला दिसतो.' दिसतो! मी बघितलं काहीच नव्हतं. आणि हा बिचारा पहिल्या दिवसापासून सांगत होता, "सर, मागून हात लावून बघा, लई तापतोय." मी म्हटलं, अरे, स्विच तापतातच.

शनिवारी येऊन तासन् तास ट्रॅफिक मारला. स्विच हलला नाही. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. लोड म्हणजे ट्रॅफिक असं मी धरून चाललो होतो. पण हा स्विच फोन, ॲक्सेस पॉईंट, कॅमेरे सगळ्यांना त्याच केबलमधून वीजही देतो. जुन्या ८०२.३एएफ स्टँडर्डप्रमाणे पोर्टमागे जास्तीत जास्त १५.४ वॉट, म्हणजे ४८ पोर्टचे जवळपास ७४० वॉट. आम्ही निम्म्याच्या थोडे वर होतो, म्हणून कागदावर सगळं आलबेल. आणि शनिवार-रविवार फोन आणि ॲक्सेस पॉईंटची वीज शेड्यूलनं बंद. वीजबचतीचं ते शेड्यूल कुणी लावलेलं? अस्मादिकांनीच.

सोमवारी संध्याकाळी टेक्निशियनला घेऊन पॉवर सप्लाय बाहेर काढला. त्यानं जाळीतून टॉर्च मारला. पंख्यावर धुळीचा थर, आणि आत दोन कपॅसिटर डोकं वर काढून फुगलेले. साधारण हिशोब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की असल्या कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. ते म्हातारे झाले की कमी लोडवर निभावून नेतात, पण सगळ्यांनी एकदम वीज मागितली की व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि स्विच रीसेट. झालं!

नवीन सप्लाय लावला. त्याला आता दोन महिने झाले, एकही रीसेट नाही. पहिल्या मेलमध्ये सीसीत असलेल्या सगळ्यांना दुसरी मेलही पाठवली, चूक माझी होती असं स्पष्ट लिहून. टेक्निशियनचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीला संपत होतं. ते वाढलं, पण नेहमीसारखं वर्षाचं नाही, तीन महिन्यांचंच. कारण विचारलं तर "बघू पुढे" एवढंच उत्तर मिळालं.

चहाला त्याला हे सांगायला गेलो तर तो आधीच म्हणाला, "सर, आता लावा बरं मागून हात."