नाव मालकाचं नको, पिठाचं लिहा

आपल्याकडे हॉटेलच्या पाटीवर काय लिहिलेलं असतं, ते एकदा नीट वाचा. 'शुद्ध शाकाहारी'. 'जैन पदार्थ मिळतील'. कुठे कुठे मालकाचं आडनाव इतकं ठसठशीत असतं की गिऱ्हाइकाला जात विचारायची गरज पडू नये. पण आत पिठात काय कालवलंय, चीज दुधाचं आहे की वनस्पती तेलाचं, याचा पत्ता नाही. खाणाऱ्याच्या जातीला जे हवं ते उघड, त्याच्या पोटाला जे हवं ते झाकलेलं. शुद्ध-अशुद्धतेवर मी एम.ए.ला पेपर लिहिला होता, पण ही पाटी वाचायला डिग्री लागत नाही.

आमच्या वस्तीच्या तोंडाशी एक पिझ्झाचं दुकान आहे. आपली पोरं वाढदिवस तिथेच करतात आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही. ज्यांच्या आजोबांसाठी चहाची कपबशी वेगळी ठेवलेली असायची, त्यांची नातवंडं टेबलाशी बसून ऑर्डर देतात. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहं यांचा उल्लेख नावानिशी आहे, तो काही उगाच नाही. पण दारातून आत गेल्यावर समोर काय वाढलंय हे कळण्याचा हक्क? तोही कागदावर आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वस्तूचा दर्जा, शुद्धता, प्रमाण यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क मानतो.

तर या दुकानात 'नाचणी क्रस्ट' मिळतो. साठ रुपये जास्त. आमच्या अभ्यासिकेतल्या दहावीच्या एका मुलीला सिलिअ‍ॅक आजार आहे. गहू, जव यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. त्यावर औषध नाही, जन्मभर पथ्य एवढाच उपाय. निदान व्हायला कित्येक वर्षं गेली. तोवर सगळे तिला 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाच्या गोळ्याच देत राहिले. वस्तीतल्या मुलीचं रक्त कमी असणं कुणाला आश्चर्याचं वाटत नाही ना!

मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिने काउंटरवर विचारलं, "यात गहू आहे का?" उत्तर मिळालं, "नाचणीचा आहे." तिने दोन तुकडे खाल्ले. तीन दिवस उलट्या-जुलाब, आणि प्रिलिमचा गणिताचा पेपर बुडाला.

मी दुकानात गेले. मालक म्हणाले, "मॅडम, आमचं सगळं शुद्ध शाकाहारी आहे." मी विचारलं होतं गव्हाचं, उत्तर आलं शाकाहाराचं. खरं उत्तर मागच्या दाराशी मिळालं. पीठ मळणारा मुलगा आपल्याच वस्तीतला. तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, किलोला सातशे ग्रॅम मैदा आणि तीनशे नाचणी. नुसती नाचणी ताणली जात नाही, फाटते."

तो खरंच बोलत होता. यीस्टमुळे पिठात जो वायू तयार होतो, तो धरून ठेवायचं काम ग्लुटेन करतं. नाचणीत, ज्वारीत, बाजरीत ते नसतं, म्हणून भाकरी थापावी लागते, लाटून ताणता येत नाही. याच भाकरीला काल 'गरिबाचं खाणं' म्हणून नाकं मुरडली, आज तिच्या नावावर साठ रुपये जास्त घेतात आणि वर मैदा खाऊ घालतात.

मालकांचं दुसरं म्हणणं असं, की सगळं सांगितलं तर रेसिपी चोरीला जाईल. सॉसमध्ये मिरे किती हे कुणी विचारत नाही. धान्य कुठलं, दूध, सोया, शेंगदाणे आहेत का, एवढंच हवं आहे. आणि पदार्थ नाचणीच्या नावाने विकायचा असेल तर मैदा किती तेही सांगा. आपल्या २०२० च्या लेबलिंग नियमांनी मेन्यूवर अ‍ॅलर्जीची माहिती द्यायचं बंधन घातलं, पण ते केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांवर. गल्लीतलं दुकान त्यातून सुटलं, आणि आपली माणसं खातात ती गल्लीतच. ब्रिटनची नताशा एडनान-लापेरूझ ही पंधरा वर्षांची मुलगी २०१६ साली गेली. तिला तिळाची अ‍ॅलर्जी होती आणि विकतच्या बगेतमध्ये तीळ पिठातच मळलेले होते, वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. आईवडील लढले, म्हणून ऑक्टोबर २०२१ पासून तिथे दुकानातच बनवून बांधून ठेवलेल्या पदार्थावरही सगळे घटक लिहावे लागतात.

काही कार्यकर्ते मित्र म्हणाले, "अत्याचाराच्या केसेस पडून आहेत आणि तुम्ही पिझ्झ्यावर काय लिहिता?" मित्रांनो, जुलै २०२४ आठवा. कावड यात्रेच्या मार्गावर मुजफ्फरनगर पोलिसांनी खानावळींना मालकांची नावं लावायला सांगितली, कारण दिलं 'ग्राहकाला कळावं' हेच. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पदार्थ कोणता ते लिहायला सांगा, नावं लावायची सक्ती नको, असं म्हटलं. 'माहितीचा हक्क' हे शब्द आपण सोडले, तर ते कुणाच्या हातात जातात ते बघा. कोल्हापुरात गंगाराम कांबळेंनी चहाचं हॉटेल काढलं तेव्हाही चहात काय आहे हा प्रश्न कुणाला पडला नव्हता, चहा कुणाच्या हातचा हाच होता. शाहू महाराज तिथे थांबून चहा पीत, ते त्या प्रश्नालाच उत्तर होतं.

त्या मुलाने सांगितलेलं प्रमाण मी ग्रुपवर टाकलं नाही. त्याची नोकरी गेली असती. नाचणीच्या बेसमध्ये बऱ्याचदा मैदा घालतात, हे पाककृतीच्या अनेक व्हिडिओंत दिसतं. त्या आधाराने अभ्यासिकेतल्या अकरा मुलामुलींनी सह्यांचं पत्र दिलं आणि प्रत्येक बेसमध्ये कुठली पिठं आहेत ते लेखी मागितलं. दोन आठवडे मालकांनी टोलवाटोलवी केली. मग पत्राची प्रत अन्न व औषध प्रशासनाला पाठवतो म्हटल्यावर काउंटरमागे एक छापील कागद लागला: गहू, मैदा, दूध, सोया. 'नाचणी क्रस्ट'च्या पुढे 'मैदायुक्त' असं लिहिलंय, अक्षर बारीक आहे. प्रमाण अजून लिहिलेलं नाही, त्यासाठी दुसरं पत्र तयार आहे. मसुदा त्या मुलीनेच केलाय.