भोंगा कुठवर ऐकू येई?

मुंबईच्या गिरणगावाची हद्द नकाशात शोधण्यापेक्षा गिरणीचा भोंगा कुठवर ऐकू येई ते विचारावं. लालबाग-परळच्या चाळींत पाळी बदलल्याचं कळायला घड्याळ लागत नसे. स्टोव्ह पेटे, डबे भरले जात ते भोंग्याच्या हिशेबाने. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे हळूहळू गिरण्याच गेल्या. गल्ल्यांची नावं टिकली, पण अख्ख्या वस्तीला एकाच वेळी जागं करणारं काही उरलं नाही. वस्तीची ओळख भिंतींइतकीच सगळ्यांच्या कानांवर पडणाऱ्या आवाजांनी घडते, असं मी म्हणतो ते यासाठी. टॉवरच्या विसाव्या मजल्यावर, बंद काचांआड, पाववाल्याच्या सायकलची घंटी पोचत नाही. तिथे खाली कुठला रस्ता आहे हे कानांना कळतच नाही.

हा गतकाळाचा उमाळा आहे, असं कुणी म्हणेल. भोंगा मालकाचा हुकूम होता, हे खरंच. पण तो धाक सामाईक होता, आणि (हे विसरू नये) संपही सामाईकच झाला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: गोंगाटाने झोप उडते, तब्येत बिघडते. मान्य. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली, ती पाळलीच पाहिजे. मात्र डेसिबल आवाजाची पातळी सांगतो, त्याचं वस्तीशी असलेलं नातं नाही. गोव्यात सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की दारं उघडतात. डीजेच्या भिंतीसमोर ती लावून घ्यावी लागतात. तेव्हा डीजेच्या भिंती जरूर उतरवा, पण सोसायटीच्या फाटकावरचा ‘फेरीवाल्यांना मनाई’ हा फलकही काढा.