तुलूझमधील ऑगस्ट

ऑगस्ट महिन्यात फ्रान्समधील शहरे ओस पडतात हे आम्ही ऐकून होतो. परंतु कोपऱ्यावरचे पावाचे दुकानही महिनाभर बंद राहते, हे तुलूझला गेल्यावरच कळले. २०२३ सालच्या त्या महिन्यात तेथील एका धर्मग्रामाचे धर्मगुरू विश्रांतीसाठी डोंगरात गेले आणि त्यांच्या जागी मिस्सा अर्पण करण्यासाठी आम्ही वसईहून तेथे जाऊन राहिलो. रोममधील विद्यार्थिदशेतले ते आमचे सहाध्यायी. काम बेताचेच होते. सकाळची एक मिस्सा, रविवारच्या दोन, क्वचित एखादा अंत्यविधी. इतकी निवांत सुटी धर्मगुरुपदाच्या सव्वीस वर्षांत आमच्या वाट्याला आली नव्हती, आणि खरे सांगायचे तर पहिले चार दिवस तिचे काय करावे हेच आम्हांला सुचेना.

म्हणून आम्ही पायी हिंडू लागलो. तुलूझच्या आसपास बांधकामाचा दगड दुर्मीळ. गारॉन नदीच्या खोऱ्यातील माती मात्र मुबलक. त्यामुळे घरे, वाडे, मंदिरे सारी विटांची, आणि संध्याकाळच्या उन्हात सारे शहर गुलाबी दिसते. नदीवरील सर्वांत जुन्या पुलाचे नाव ‘नवा पूल’! १५४४ साली काम सुरू होऊन तो पुरा व्हायला १६३२ साल उजाडले, तेव्हा बांधणाऱ्यांच्या नातवंडांना तो नवाच वाटला असणार. ‘तोर’ म्हणजे बैलाच्या नावाच्या रस्त्याने गेले की सँ-सेर्नँची बॅसिलिका लागते. या शहराचे पहिले बिशप संत सातुर्निन यांना सुमारे २५० साली बैलाला बांधून फरफटत नेले, त्याची ही आठवण.

आमचे पाय मात्र रोज जाकोबँच्या मंदिराकडे वळत. डॉमिनिकन संघाचे हे मंदिर. त्याच्या टोकाला २८ मीटर उंचीचा एकच खांब उभा असून माथ्यावर त्यातून २२ कमानी माडाच्या झावळ्यांप्रमाणे चहूकडे फुटतात. वसईच्या माणसाला तेथे आपल्या वाडीत उभे राहिल्यासारखे वाटले तर नवल नाही. वेदीखाली संत थॉमस अक्वायनस यांचे अवशेष आहेत. ते १३६९ साली येथे आले, राज्यक्रांतीच्या काळात सँ-सेर्नँमध्ये हलवले गेले आणि १९७४ साली परत आले. सेमिनरीत ज्यांच्या ‘सुम्मा’ने आमची झोप उडवली, त्यांच्याजवळ बसून आम्ही दुपारी चक्क डुलक्या घेतल्या.

हा संघ स्थापणारे संत डॉमिनिक स्पेनमधील कास्तीलचे. १२१५ साली त्यांनी पहिले सोबती गोळा केले ते याच शहरात. स्पेन येथून दूर नाही. पिरेनीज पर्वत ओलांडला की झाले. तो पर्वत ओलांडून आणखी कोण कोण आले, हे मात्र आम्हांला एका विद्यार्थिनीने शिकवले.

आमचे फ्रेंच मोडकेतोडके, स्पॅनिश बरे. रोममध्ये लॅटिन अमेरिकेच्या मित्रांत राहून ते आलेले. निवासाची साफसफाई करणाऱ्या बाईंनी ही गोष्ट शेजारी सांगितली असावी. एके दिवशी शहात्तर वर्षांच्या एक बाई दारात उभ्या राहिल्या. मंदिरात त्यांना आम्ही कधी पाहिले नव्हते. ‘माँ पेर’ म्हणजे ‘माझ्या फादर’ असे न म्हणता त्या आम्हांला ‘मस्यू’ म्हणाल्या. “मला स्पॅनिश वाचायला शिकवाल? बोलता नाही आले तरी चालेल.”

शिकवणी रोज पाच वाजता, स्वयंपाकघरातील टेबलावर सुरू झाली. आम्ही गमतीने सांगितले की आमच्या मराठीतले ‘पगार’ आणि ‘बिजागरी’ हे शब्द पोर्तुगीजांकडून आले; स्पॅनिशमध्येही ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणे आणि ‘बिसाग्रा’ म्हणजे बिजागरी. त्या हसल्या. त्यांचा फ्रेंच ‘र’ घशातच अडकायचा. पण तुम्हांला येत असलेला एखादा स्पॅनिश शब्द म्हणा, असे सुचवताच तो खणखणीत बाहेर पडला आणि त्या लाजेने लाल झाल्या. त्यांना येत असलेले सारे शब्द वडिलांच्या शिव्या होत्या. बहुतेक आम्हां पाद्र्यांविषयीच्या.

वडील आरागॉनमधील एका खेड्यातले. यादवी युद्धात प्रजासत्ताक हरले आणि १९३९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जवळजवळ पाच लाख माणसे सीमा ओलांडून फ्रान्समध्ये आली. त्यांतले ते एक. आर्जेलेसच्या समुद्रकिनाऱ्यावर, काटेरी तारांच्या आत, वाळूत त्यांनी तो हिवाळा काढला. पुढे तुलूझला आले, फ्रेंच स्त्रीशी लग्न केले आणि मुलीला आपली भाषा दिली नाही.

हे ऐकून आम्ही काय केले? त्या युद्धात जवळजवळ सात हजार धर्मगुरू व व्रतस्थ मारले गेले, हे त्यांना सुनावले. आकडा खरा आहे. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, “मस्यू, आज भूतकाळाची रूपे घ्यायची होती ना?” १९३७ साली स्पेनच्या बिशपांनी सामुदायिक पत्र काढून फ्रँकोच्या बाजूला आपले वजन टाकले, हेही आम्हांला ठाऊक होते. ते आम्ही उच्चारले नाही. आमच्याच मापाने मापलेले ते अर्धे सत्य पुढे कित्येक दिवस आम्हांला टोचत राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तुलूझचे आर्चबिशप सालिएज यांचा विषय काढला. अर्धांगाने जखडलेल्या या धर्माध्यक्षांनी यहुद्यांच्या हद्दपारीविरुद्ध पत्र लिहिले आणि ते २३ ऑगस्ट १९४२ रोजी येथील मंदिरांतून वाचले गेले. “बाबा या एकाच बिशपांचे नाव शिवी न देता घेत,” बाई म्हणाल्या. यावर आम्हांला बोलायला काही उरले नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पिशवीतून पाच पत्रे काढली. १९४६ पासून बंद असलेली सीमा १९४८ मध्ये उघडली, त्यानंतरची. ती वडिलांच्या आईची होती. पण तिला लिहिता येत नव्हते. तिच्यासाठी ती लिहिली होती गावच्या पाद्र्यांनी, सेमिनरीत घोटलेल्या वळणदार अक्षरात. पाकिटे सुरीने नीट उघडलेली होती. उत्तर एकाचेही गेले नव्हते.

बाई बोटाने ओळ धरून वाचत, आम्ही अडले तेथेच सांगत असू. ऑलिव्हचे पीक, मेलेले खेचर, कोणाचे लग्न. चौथ्या पत्राच्या तळाशी मात्र दोन ओळी आईच्या नव्हत्या. अक्षर माझे आहे म्हणून तू उत्तर देत नसशील, तर तसे कळव. पुढचे पत्र मास्तरांकडून लिहवून घेऊ, असे त्या पाद्र्यांनी स्वतःच्या नावाने लिहिले होते. बाईंनी घाईने पाचवे पत्र उघडले. अक्षर तेच होते.

“का?”

“कळवलेच नाही ना कोणी,” आम्ही म्हणालो.

खिडकीबाहेर रस्ता रिकामा होता. बराच वेळ त्या पाकिटांच्या कडा सारख्या करत बसल्या. मग म्हणाल्या, “आपण असता, तर ते पाचवे पत्र लिहिले असते?” आम्ही ‘हो’ म्हणणार होतो, पण सात हजारांचा आकडा आम्हीच पुढे केला होता, हे आठवून गप्प राहिलो.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्या नेहमीप्रमाणे पाचला आल्या. वाचायला काही उरले नव्हते. “स्पॅनिशमध्ये पत्राची सुरुवात कशी करतात?” त्यांनी विचारले. कोणाला लिहिणार, हे आम्ही विचारले नाही. दोन-तीन प्रकार सांगितले. त्यांनी चष्मा पुसला, कागद पुढे ओढला आणि आमच्यापुढचे पेन उचलून स्वतःच लिहायला घेतले.