चेंडू सोबत्याकडे

सारोळ्यास नीरेकाठीं, पीक निघालेल्या शेतांत आम्ही फुटबॉल खेळतों. गतवर्षापर्यंत आमचा खेळ म्हणजे एका चेंडूमागें सर्वांची धांव! ज्याच्या पायीं चेंडू येई त्यास तो सोडवत नसे. आणि सामना हरला कीं दोष नेहमीं दुसऱ्याचाच.

एके दिवशीं गुरुजींनीं आम्हांस सय्यद अब्दुल रहीम यांची हकीकत सांगितली. पेशानें शिक्षक असलेल्या या गृहस्थांनीं, महायुद्ध संपून पांच वर्षें झालीं असतां, १९५० सालीं हैदराबाद सिटी पोलीस संघाची तालीम हातीं घेतली. त्याच वर्षीं त्या संघानें मुंबईस रोव्हर्स चषक जिंकला व १९५४ पर्यंत सलग पांच वर्षें तो आपल्याकडेच राखिला. पुढें रहीमसाहेबांच्याच शिकवणीखालीं भारतीय संघानें १९५१ व १९६२ सालीं आशियाई सुवर्णपदक मिळविलें. त्यांचा धडा साधा होता: चेंडू पायाशीं घोळवीत बसूं नये, येतांच सोबत्याकडे द्यावा, आणि डावा-उजवा दोन्ही पाय सारखे तयार ठेवावे.

आम्हीं तो नियम स्वतःस लावून घेतला. पहिल्याच दिवशीं आमचा सर्वांत चपळ गडी रुसून बांधावर जाऊन बसला. तिसऱ्या आठवड्यांत मात्र, दोघे आडवे येतांच, त्यानेंच चेंडू आमच्यांतील सर्वांत लहान मुलाकडे दिला. त्याचा नेम चुकला, गोल झाला नाहीं, आम्ही हरलों. परंतु घरीं परततांना कोणीं कोणास बोल लाविला नाहीं. चषक नसला तरी त्या सायंकाळीं आमचा संघ झाला, असें आम्हांस वाटतें.