मंडळीतली मंडळी

शाळेत नवीन आलेल्या गुरुजींनी एकदा सगळ्यांना विचारलं, ‘रविवारी काय करता रे?’ आमचा दादा, म्हणजे थोरल्या काकांचा मुलगा, उभा राहून म्हणाला, ‘मंडळीत जातो.’ ‘कोणाच्या मंडळीत?’ गुरुजींनी विचारलं आणि वर्ग खो खो हसला. बरोबरच होतं त्यांचं. त्यांच्या लेखी मंडळी म्हणजे घरची मंडळी, नाहीतर नाटक मंडळी. आमच्या घरात मात्र या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. चर्चच्या इमारतीला आजी देऊळ म्हणायची आणि त्यात जमणाऱ्या माणसांना मंडळी. देवळाला कुलूप लागायचं, मंडळीला नाही.

आम्ही नऊ चुलत-आतेभावंडं. नगरच्या एका मिशन कंपाऊंडच्या कडेला कौलारू घर, पुढे निंब, मागे विहीर. साठीच्या दशकातलं बालपण. आज नऊजण पुणे, पिंपरी, नाशिक आणि एक थेट अमेरिकेत, असे पांगलो आहोत. गावाचं नावही २०२४ पासून अहिल्यानगर झालं. पण आपसात फोनवर बोलताना ‘नगरला कधी येतोस?’ असंच तोंडात येतं.

रविवार शनिवारी संध्याकाळीच सुरू व्हायचा. नऊ जोडी कॅनव्हासचे बूट खडूने पांढरे करून ओसरीवर उलटे मांडलेले. लोखंडी इस्त्रीत कोळसे. सकाळी शब्बाथशाळा, मग पहिली घंटा, मग दुसरी. पहिल्या घंटेला आजी वेणी घालायची आणि दुसऱ्या घंटेला आजोबा घड्याळाकडे न बघता चालायला लागायचे. मागे राहील त्याने पळत यायचं. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, मुलं पुढच्या सतरंजीवर. पाळकसाहेबांचा उपदेश लांबला की आम्ही भिंतीवरच्या गीतफलकाचे आकडे मनात बेरजा-वजाबाक्यांत घालायचो. आमच्यातल्या दोघांचं गणित पुढे चांगलं निघालं, त्याचं श्रेय मी त्या उपदेशांना देते.

घरात इतिहास दोन प्रकारे सांगितला जायचा. एक आजोबांचा, एक आजीचा.

आजोबा मिशन शाळेत मास्तर होते. त्यांचा इतिहास सनावळीचा. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईला उतरले. १८३१च्या अखेरीस मिशनने नगरला ठाणं घातलं. १८३३ साली नगरची पहिली मंडळी स्थापन झाली. १८४२ साली नगरलाच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं, आणि ते पुढे मुंबईला गेलं याचं आजोबांना शंभर वर्षांनंतरही वाईट वाटायचं, जणू कालच कुणी बैलगाडीत घालून नेलं होतं. माळ्यावरच्या ट्रंकेत ज्ञानोदयचे बांधीव अंक होते. उन्हाळ्यात ते उन्हात पसरायचे, कसर झटकायची, पुन्हा निंबाचा पाला घालून ठेवायचे. हे काम आमचं. पाला झटकता झटकता आम्ही मधलंच पान वाचायचो. ग्रहणावर माहिती, विधवांच्या प्रश्नावर वाद, कुठल्याशा शास्त्रीबुवांना उत्तर. आम्हाला गंमत त्या जुन्या, वाकड्या टाइपाची वाटायची. ज्यांच्या निर्णयसागर छापखान्याने मराठी अक्षराला डौल दिला ते जावजी दादाजी मुंबईच्या अमेरिकन मिशनच्याच छापखान्यात काम शिकले, हे आजोबा अशा थाटात सांगायचे की जावजी जणू आमचे मामाच.

त्यांच्या सनावळीत एक बाई होती, मिस फरार. आम्हाला वाटायचं, ही बाई पोलिसांना चुकवून पळालेली असणार, म्हणून ‘फरार’. आम्ही अंगणात ‘फरारबाई’ नावाचा खेळच काढला होता. एकीने विहिरीमागे लपायचं, बाकीच्यांनी शोधायचं. आजोबांनी एकदा तो पाहिला आणि सगळ्यांना रांगेत बसवलं. सिंथिया फरार. १८२७ साली एकटी, लग्न न केलेली बाई जहाजाने मुंबईला आली, पुढे नगरला मुलींच्या शाळा काढल्या आणि १८६२ साली वारली ती इथेच. पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा काढण्याआधी जोतीराव फुले नगरला येऊन तिची शाळा बघून गेले होते. सावित्रीबाईंनीही शिकवण्याचं शिक्षण तिच्याकडे घेतलं. ‘जी बाई कुठे पळाली नाही, तिला तुम्ही फरार म्हणता?’ आजोबा म्हणाले. खेळ बंद झाला नाही, पण नंतर लपणारीला आम्ही पकडत नसू. ती सापडली की तिच्याभोवती शाळा भरायची. तो खेळ पहिल्यापेक्षा कंटाळवाणा होता, हे खरं.

आजीचा इतिहास वेगळा. त्यात साल एकच, १९००. त्या वर्षीच्या मोठ्या दुष्काळात ती मिशनच्या बोर्डिंगात आली. कोणी आणून सोडलं, कुठल्या गावाहून, तिला ठाऊक नव्हतं. एक बैलगाडी आणि गाडीखाली बांधलेला, हलणारा कंदील, एवढंच तिला आठवायचं. बोर्डिंगात शंभरावर मुली. स्वतःचं पीठ स्वतः दळायचं, स्वतःची भाकरी स्वतः थापायची, आणि दुपारी पाटीवर अक्षरं गिरवायची. त्यामुळे आमच्या आळीत साठीच्या वयात खडाखडा वाचणारी, लोकांची पत्रं लिहून देणारी बाई ती एकटी. पोस्टमन आधी आमच्याकडे यायचा, मग ज्याचं पत्र त्याच्याकडे.

आणि आजीला टिळक माहीत होते. नारायण वामन टिळक म्हणजे पाठ्यपुस्तकातले रेव्हरंड टिळक, फुलामुलांचे कवी. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नंतरची अनेक वर्षं नगरला काढली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईही पुढे १९०० साली ख्रिस्ती झाल्या. दुष्काळातली कितीतरी पोरकी मुलं त्या दोघांनी घरात घेतली, त्याची हकिकत लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. आम्ही आजीच्या मागे लागायचो, ‘तू त्यांना पाहिलंस ना? कसे होते?’ ती म्हणायची, ‘पाहिलं.’ पुढे काही नाही. आता वाटतं, बोर्डिंगातल्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीला मोठी माणसं दिसत असतील तेवढीच ती दिसली असतील, खांद्यांच्या वरून.

पण गाणी पूर्ण होती. आमच्या ‘उपासना संगीता’चं पान उलटावं आणि खाली टिळकांचं नाव असावं, असं कितीदा व्हायचं. त्यांच्याआधीही मराठी गीतं होतीच. नगरला तीस वर्षं राहिलेल्या हेन्री बॅलेंटाईनसाहेबांनीही पुष्कळ केली. पण बरीचशी विलायती चालीवरची. त्यात एकेका अक्षराला तीन-तीन स्वर पुरवून ओढावं लागे, आणि म्हाताऱ्यांचा दम मधेच संपे. टिळक आले ते अभंग घेऊन, ओवी घेऊन. कृष्णराव सांगळ्यांनी तर त्याही आधी पवित्र शास्त्रातली आख्यानं लावून कीर्तनं उभी केली होती. टाळ, मृदंग, उपरणं, सगळं तेच. आख्यान तेवढं उधळ्या पुत्राचं.

आजीच्या टिळकांच्या चाली मात्र पुस्तकातल्या नव्हत्या. बोर्डिंगात मुलींनी ती गीतं जात्यावर म्हटली होती, आणि जात्याच्या फेऱ्यात ती जशी बसली तशीच तिच्या गळ्यात राहिली. देवळात पायपेटीवर गीत सुरू झालं की सगळे एका चालीत आणि आजी तिच्या चालीत. आमची मान खाली. पेटी वाजवणारे काका मागे वळून बघायचे. आजोबा समोर बघत गायचे, एकदाही वळले नाहीत.

हंगामाचा सण आला की मंडळीचं रूपच पालटायचं. राहुरी, वडाळ्याकडची खेड्यातली माणसं यायची. वेदीपुढे बाजरीची पोती, भोपळे, तुरीच्या शेंगा, ऊस, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासना संपली की तिथेच लिलाव. एक साधा भोपळा पाच-सहा वेळा विकला जायचा, कारण जो घेई तो पुन्हा देवाला देई. एका वर्षी धाकट्याने, वय वर्षं सहा, हात वर करून एक कोंबडी अडीच रुपयांना घेतली. त्याच्या खिशात दहा पैसे होते. कोंबडी सुटली, व्यासपीठावर चढली, पाळकसाहेबांनी झग्यात धरली. वडिलांनी बाकीचे पैसे भरले आणि ती कोंबडी घरी कापायची का नाही यावर चार दिवस घरात दोन पक्ष होते. कापली नाही. मुंगसाने नेली.

नाताळचं फार सांगत नाही, सगळेच सांगतात. करंज्या, शेव, शंकरपाळे, म्हणजे दिवाळीचाच फराळ दीड-दोन महिन्यांनी पुन्हा. शेजारच्या देशमुखांच्या घरून दिवाळीला आलेलं ताट आम्ही नाताळला भरून परत करायचो. कामट्यांचा तारा, पतंगी कागद, खळ. एवढं पुरे.

सिनेमाला घरात बंदी होती, एक अपवाद सोडून. प्रभातचा ‘संत ज्ञानेश्वर’ पुन्हा लागला तेव्हा आजोबा सगळ्यांना घेऊन गेले, कारण ज्ञानेश्वरांच्या भूमिकेत शाहू मोडक, आणि शाहू मोडक नगरच्या ख्रिस्ती घरातले. पडद्यावर ते आले की आत्या शेजारच्या अनोळखी बाईला सांगायची, ‘आमच्यातला आहे.’ त्या बाईला यात काय कळायचं, देव जाणे.

१९७० साली, २९ नोव्हेंबरला, नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं. आमची मूळ परंपरा अमेरिकन काँग्रिगेशनल. सगळा कारभार मंडळीचा, पाळक मंडळीने निवडायचा, वर कोणी धर्माध्यक्ष नाही. ‘आपल्याला आता बिशप?’ आजोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवून विचारलं. घरात जेवताना पंधरा दिवस वाद झाले. काका ऐक्याच्या बाजूने, आजोबा विरोधात, वडील भाकरीच्या बाजूने. पुढे जमिनी कोणाच्या, विश्वस्त कोण, असले दावे ठिकठिकाणी कोर्टात गेले आणि आजोबांची शंका अगदीच निराधार नव्हती असं मला वाटतं. पण ज्या सकाळी बिशप आले त्या सकाळी आजोबाच सगळ्यात आधी देवळात जाऊन बसले होते.

गेल्या वर्षी आम्ही नऊपैकी सातजण नगरला जमलो. दादाने मंडळीच्या दफ्तरात जुनी बाप्तिस्म्याची वही बघायची परवानगी काढली होती. जाड पुठ्ठा, कडा कुरतडलेल्या, मोडी वळणाची झाक असलेली देवनागरी. पानांमागून पानं. आजोबांच्या तोंडून आम्ही जी नावं ऐकली होती, हरिपंत खिस्ती, रामकृष्णपंत मोडक, ती सगळी पंत मंडळी. छापील इतिहासातही तीच पुढे. वहीत मात्र बहुतेक पानं वेगळ्याच माणसांची. महारवाड्यातली, मांगवाड्यातली, कुणी एकटं, कुणी सगळ्या कुटुंबासह. एका रकान्यात जात लिहिलेली. नंतरच्या वह्यांत तो रकाना नाही. प्रभुभोजनाचा एकच प्याला ओठांमागून ओठांना लागत जायचा त्या काळी हे केवढं धाडस होतं, आणि ज्यांनी ते केलं त्यांची फक्त पहिली नावं शाईत उरली आहेत. रकाना वहीतून गेला. सोयरिकी जुळवताना तो अजूनही कुजबुजीत विचारला जातो, आमच्याही घरात विचारला गेला आहे.

१९०१च्या पानावर आजी सापडली. नाव. वय, अंदाजे पाच. आईबाप, कोरं. गाव, कोरं. जात, कोरी. ती दर वर्षी एक जानेवारीला आपला वाढदिवस करायची, ‘वर्षाचा तोच माझा’ म्हणायची. वहीतली तारीख ऑगस्टमधली होती. त्या पानावर ओळीने एकोणीस मुली, सगळ्यांचे रकाने तसेच. धाकटी आत्या, आता नव्वदीच्या घरात, चष्मा लावून ती एकोणीस नावं बोटाने वाचत गेली. ‘ही बारामतीला दिली होती,’ ‘ही नर्स झाली,’ ‘ही बोर्डिंगातच गेली.’ अकरा-बारा जणींचं तिला सांगता आलं, आईकडून ऐकलेलं. धाकट्याने तिचं बोलणं फोनवर घेतलं. दफ्तर सांभाळणाऱ्या गृहस्थांनी वही आवरायला घेतली तेव्हा ती म्हणाली, ‘थांबा हो, अजून सात राहिल्यात.’

दुसऱ्या दिवशी पुनरुत्थानाचा रविवार. पहाटे अंधारात मंडळी कबरस्तानात जमते, तशी जमली. मेणबत्त्या, मोगऱ्याचे हार, थर्मासमधला चहा. आजीच्या कबरीपाशी आम्ही उभे राहिलो. पेटी घेऊन आलेला मुलगा विशीचा असेल, त्याने विचारलं कुठलं गीत. आत्याने टिळकांच्या एका गीताचा क्रमांक सांगितला आणि त्याने भाता ओढायच्या आतच सूर धरला. तो पुस्तकातला नव्हता. नव्वदीचा कापरा आवाज, एक फेरा, दुसरा फेरा, मधे दाणे टाकायला थांबावं तसा थांबा. आम्हा सातांनाही ती चाल येते हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. मुलगा काळी दोन दाबून बघत होता, मग काळी चार, मग पांढऱ्या, आणि कुठेच बसेना म्हणून शेवटी भाता मिटून ऐकत उभा राहिला.