आधी नोंद तर करा!

व्हिएतनामला हल्ली आपल्याकडून भरपूर लोक जातात. आम्ही महाडचे सातजणही टूरने जाऊन आलो. हालाँगची बोट, हनोईचा बाजार, सगळं झालं. पण लिहायचंय ते हनोईजवळच्या फ्रेंडशिप व्हिलेजबद्दल. टूरच्या यादीत ते नव्हतं. मोकळ्या दिवशी मी आणि एक मित्र टॅक्सी करून गेलो.

व्हिएतनामात लढलेले अमेरिकन सैनिक जॉर्ज मिझो यांच्या पुढाकाराने १९९८ साली हे गाव उभं राहिलं. एजंट ऑरेंजची झळ बसलेले माजी सैनिक आणि मुलं इथे राहतात. आम्ही गेलो तेव्हा वर्गात मुलं कापडाची फुलं बनवत होती. नऊ-दहा वर्षांचा वाटणारा एक मुलगा जवळ आला. शिक्षिका म्हणाल्या, सतराचा आहे. त्याने माझ्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, लावलं आणि पेन परत खिशात ठेवलं. असं चार वेळा. लढाई संपली १९७५ला. लढले ते याचे आजोबा.

अमेरिकेने १९६२ ते १९७१ या काळात विमानांतून ७ कोटी लिटरहून जास्त तणनाशकं तिथल्या जंगलांवर आणि शेतांवर फवारली. त्यातलं सगळ्यात जास्त एजंट ऑरेंज. त्यात डायॉक्सिन हे जहर होतं. ते कोणी मुद्दाम घातलं नव्हतं. तणनाशक बनवताना ते आपोआप तयार होत होतं. आपल्या फौजी आंबवडेत घरटी सैनिक. तिथल्या कुणालाही विचारा, ड्रममध्ये काय आहे हे शिपायाला कोण सांगतं? कारखान्यातल्या कंत्राटी पोराला तरी कोण सांगतं?

आता खरा मुद्दा. कुठे, कधी, किती फवारलं, हे कळलं कसं? अमेरिकन हवाई दलाच्या स्वतःच्याच नोंदींवरून! त्या नोंदी तपासून कोलंबिया विद्यापीठाच्या जीन स्टेलमन यांनी २००३ साली गावोगावचा हिशोब मांडला. व्यंगाचं कारण डायॉक्सिनच का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहेतच. तरी अमेरिकन सैनिकांना कंपन्यांकडून १९८४ साली १८ कोटी डॉलरची तडजोड मिळाली. व्हिएतनामी लोकांचा दावा मात्र २००५ साली न्यूयॉर्कच्या कोर्टाने फेटाळला. म्हणजे नोंद असूनही न्याय मिळेलच असं नाही. नोंदच नसेल तर दारातसुद्धा उभं करत नाहीत.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे युद्ध झालं नाही, पण रसायनं आहेत. ३ नोव्हेंबर २०२३ला महाड एमआयडीसीतल्या स्फोटात ११ कामगार गेले, ते आपण विसरलेलो नाही. मी असं अजिबात म्हणत नाही की आपल्या तालुक्यातली अपंग मुलं कारखान्यांमुळे तशी जन्मली. पुराव्याशिवाय असं बोलणं हा त्या आईबापांवर अन्याय आहे. पण न मोजताच "काही नाही हो" म्हणणं, हाही अन्यायच.

आणि मोजायला नवीन यंत्रणा लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलं तपासतं. जन्मजात व्यंग हा त्यातला पहिलाच रकाना. सावित्री वर पोलादपूरला आहे, खाली दासगावला आहे, मधे एमआयडीसी. दोन्हीकडच्या दहा-पंधरा वर्षांच्या याद्या गावनिहाय शेजारी ठेवा, मुलांची नावं झाका आणि आकडे ग्रामसभेत वाचून दाखवा. फरक नसेल तर उत्तम, कारखानदारांनाही छातीठोक सांगता येईल. फरक असेल तर तज्ज्ञांना बोलवा. एवढीच मागणी आहे.

शिवाय पोलादपूरच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीवरून अपंग मुलाला दाखल्यासाठी अलिबागला न्यायचं म्हणजे आईची मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं. शिबिर तालुक्याला घ्या. नोंदही तिथेच होईल.

सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, आशाताई, अंगणवाडी सेविका, तुम्ही हे वाचत असाल तर पुढच्या ग्रामसभेत विषय घ्या. आणि मित्रहो, कमेंटमध्ये कुठल्याही मुलाचं नाव किंवा फोटो टाकू नका. गावाचं नाव लिहा, ठराव झाला की तारीख लिहा. त्याची बातमी मी करतो.